जेवणानंतर सांगायचं काम

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ निदान लांब राहून छळतात. हा घरी येतो, पाटावर बसतो आणि वर तुपाची वाटी पुढे सरकवतो. मी त्यातलाच. माझी सासुरवाडी मध्य प्रदेशातल्या बालाघाटची. नागपूरहून गोंदिया, गोंदियाहून दुसरी बस. वाटेत राजेगाव आलं की बायको ओढणी सारखी करते आणि मी चेहरा सारखा करतो. तो खास जावयाचा चेहरा असतो, जरा थकलेला, जरा उपकार केल्यासारखा. तो मला कोणी शिकवला नव्हता, लग्न लागलं तसा आपोआप आला.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. गोंदिया रोडवर एका टायरच्या दुकानाला लागून त्यांचं वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या राईस मिलना लागणारे शाफ्ट, शाफ्टभोवती बसणारे बुश, पुल्या तिथे तयार होतात. त्यांच्याकडे हाताने चालवायचे दोन खराद, म्हणजे लेथ मशीन, आहेत आणि एक सीएनसी, म्हणजे कंप्युटरवर चालणारा खराद. लोखंड कुठून कापायचं, किती खोल, कुठे खाच पाडायची, हे आधी ओळीओळीने लिहून ठेवायचं. बटण दाबलं की मशीन आपलं आपण कापते. त्या लिहिलेल्या ओळी म्हणजे प्रोग्राम. मशीन त्यांनी नागपूरच्या एका कारखान्यातून सेकंडहँड आणली होती. तिथे ती भंगारात निघाली होती आणि इथे आल्यावर तिला हार घातला गेला.

मामाजी प्रोग्राम लिहायला मशीनसमोर उभं राहूनच शिकले. आणि ते प्रोग्राम साधे नव्हते. मिलमधली यंत्रं म्हातारी. एकाचा शाफ्ट इकडून झिजलेला, दुसऱ्याचा तिकडून. बाजारात मिळणारा तयार बुश तिथे बसतच नाही. मामाजी स्वतः मिलमध्ये जायचे, माप घ्यायचे आणि परत येऊन त्या मिलपुरता प्रोग्राम लिहायचे. कटंगीकडच्या मिलचे वेगळे, गावातल्या मिलचे वेगळे. वर्षानुवर्षांचं हे काम त्या मशीनच्या हार्ड डिस्कमध्ये साठवलेलं होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं.

आता माझ्याविषयी. मी नागपूरला एका खासगी ऑफिसात कंप्युटर बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढतो, कुणाचं इंटरनेट गेलं तर वायर हलवतो आणि कोणी काहीही तक्रार केली तरी आधी सांगतो, बंद करून पुन्हा चालू करा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्याने भागतं. सासुरवाडीला मात्र मी कंप्युटर इंजिनिअर होतो. ही पदवी मी स्वतः घेतली नाही, पण कोणी दिली तेव्हा परतही केली नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला निघताना बायको म्हणाली, "लॅपटॉप घ्या सोबत. बाबा म्हणत होते." कशाला, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आलेल्या पाहुण्यांना दाखवायला असेल.

दसऱ्याच्या सकाळी वर्कशॉपची पूजा होती. जमीन धुतलेली, खराद पुसलेले, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ आणि कुंकवाचं स्वस्तिक. शेजारचे दुकानदार आले होते. एक मिलवाले शेठही आले होते. धान कापणीला आलं होतं, मिल सुरू व्हायच्या होत्या आणि त्यांना तांदळाच्या पॉलिशरचे बुश लवकर हवे होते. मामाजींनी मला पुढे बोलावून टिळा लावला, खांद्यावर नवा दुपट्टा टाकला आणि नारळ हातात दिला. "जवाईबापूच्या हातानं फुटू द्या," म्हणाले. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण धोक्यात आलं.

दोन्ही खराद बंद होते. सीएनसीची मोटरही बंद होती, पण तिचा पडदा चालू होता आणि आतून एक बारीक घूं असा आवाज येत होता. पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कबद्दल काहीतरी तक्रार लुकलुकत होती. ती बघून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

"मामाजी, ही चालू काहून ठेवली? पूजा बंद मशीनची करतात ना? अवजारांना आज सुट्टी पाह्यजे." मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आणि ही एरर दिसतेय ना, ती एकदा बंद करून चालू केली की जाते."

"हौ, पण..." मामाजी म्हणाले.

मी मेन स्विचकडे हात नेला. तेव्हा त्यांचा हात उठलेला मला दिसला, अगदी स्पष्ट दिसला. तो माझ्या मनगटापर्यंत येता येता थांबला, मग वर गेला आणि डोक्यावरची टोपी नीट करून खाली आला. आताच ज्याला टिळा लावला त्या जावयाचं मनगट चार लोकांत कसं धरणार? त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी आरतीच्या ताटाकडे बघितलं.

"तुमची मर्जी जवाईबापू," ते म्हणाले.

मी स्विच खाली केला. घूं आवाज बारीक होत होत थांबला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला, आरती झाली, सगळ्यांना खोबरं वाटलं. मग मी मशीन चालू केली. आतून नुसतं टक् टक् ऐकू आलं. पडदा काळा, वर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की डिस्क सापडत नाही. मी बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा टक् टक्. आणखी एकदा. ऑफिसात करतो तसं पॅनेलवर तळहाताने थापटूनही बघितलं. चौथ्यांदा नेलेला हात मी मागे घेतला.

मिलवाले शेठ हसत म्हणाले, "अरे जमाई बाबू, ये क्या कर दिए आप?"

"इन्होंने नहीं, सेठ," मामाजी लगेच म्हणाले. "मैंने ही बोला था बंद करने को. पुरानी मशीन है, कभी ना कभी जाती ही."

माझ्यासमोर ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी उभा राहून ते ऐकलं. मानही हलवली असेल, आठवत नाही. हलवली नसेल असं मात्र छातीठोक सांगता येत नाही.

घरी पाट मांडलेला होता. पुरणपोळी, कढी, वडे, भजी. सासूबाई वाढत होत्या आणि मामाजी शेजारी बसून आग्रह करत होते, "घ्या ना जवाईबापू, काईच घेतलं नाई तुम्ही." त्यांच्या स्वतःच्या ताटातली पोळी तशीच होती. मी खाल्लं. नको म्हटलं असतं तर रागावलो असं वाटलं असतं, आणि रागावायचा हक्क त्या घरात तेवढा मलाच होता. तीन पोळ्या खाल्ल्या. घास घशाखाली उतरत नव्हता, हे मी इथे लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. पोळ्या चांगल्या होत्या.

हात धुवून आलो तेव्हा सुपारीच्या डब्याशेजारी प्लास्टिकची एक पिशवी ठेवलेली होती. मला वाटलं आहेर असेल. आत एक नवी कोरी वायर होती, जुन्या मशीनला लॅपटॉप जोडायची, आणि सोबत हल्लीच्या लॅपटॉपला ती बसावी म्हणून लागणारा छोटा जोड.

"हे काय?" मी बायकोला विचारलं.

सासूबाईच बोलल्या. "थे तुमच्या मामाजीनं नागपूरवरून मागवलं. मशीनीतले प्रोग्राम तुमच्या कंप्युटरात काढाचे होते म्हणे. मशीनीचा मिस्त्री सांगून गेलता, डिस्क म्हातारी झाली, चालू हाय तोवर हाय. बंद केली अन् थंडी झाली का पुन्हा उठन का नाई, भरोसा नाई."

"मग मला सकाळीच काहून नाही सांगितलं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. काहीतरी अडाणीपणाचा प्रश्न विचारावा तसं. "असं कसं सांगाव जी? तुम्ही काल आले. सणाचं जेवण व्हाचं होतं. जवाई घरी आला अन् जेवाच्या आधी त्याले काम सांगाव का?"

मामाजी ओसरीवर उन्हात बसले होते. त्यांनी ऐकलं असणार, पण मान वळवली नाही.

संध्याकाळी बायकोकडून उरलेलं कळलं. मशीन बंद पडू नये म्हणून मामाजींनी घरातला इन्व्हर्टर उचलून वर्कशॉपमध्ये नेला होता. लाईट गेली तरी डिस्क फिरत राहावी म्हणून. उन्हाळ्यात मी आलो होतो तेव्हा दुपारी लाईट गेली होती आणि सासूबाई मला हातपंख्याने वारा घालत बसल्या होत्या. तेव्हा मी म्हणालो होतो, "मध्य प्रदेशात इन्व्हर्टर मिळत नाही वाटतं." सगळे हसले होते. मामाजी सगळ्यांत मोठ्याने हसले होते. हे आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डिस्क मी नागपूरला आणली, बऱ्याच ठिकाणी दाखवली. यातून काही निघणार नाही, असं सगळीकडे सांगितलं. शेठचं काम गोंदियाच्या एका वर्कशॉपला गेलं. आणखी दोन मिलवालेही तिकडेच वळले, कारण मिल सुरू झाली की कोणी कोणाची वाट बघत नाही. ज्या हंगामावर मामाजींचं वर्ष चालायचं, तो हंगाम हाताच्या खरादावर गेला. मी फोन केला की ते विचारायचे, जेवण झालं का, तब्येत कशी आहे. मशीनचा विषय मीच काढायचो आणि ते तो मिटवायचे. "अजी थे होतच राह्यते." मला वाटायचं, एकदा तरी यांनी मला शिव्या घालाव्यात. बायकोलाही विचारून बघितलं, बाबा माझ्याबद्दल काही म्हणतात का. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल ते काय म्हणतील?" आणि भांडी लावू लागली. ती भांडी जरा जोरातच लावत होती.

दिवाळीनंतर मिस्त्रीने तसल्याच एका भंगार मशीनमधली डिस्क काढून बसवली. मशीन जागी झाली, पण रिकामी. आणि नवी डिस्कही जुनीच होती, कधी दिलेलं ठेवायची, कधी मधलीच एखादी ओळ गिळून टाकायची. म्हणून असं ठरलं की प्रोग्राम लॅपटॉपमध्ये ठेवायचे आणि ज्या दिवशी जो लागेल तो वायरने मशीनला पाठवायचा. प्रोग्राम मात्र पहिल्यापासून लिहायला लागणार होते. मामाजींकडे प्रत्येक मिलच्या जॉबचा, म्हणजे तयार भागाचा, एकेक नमुना भिंतीवर तारेत ओवून टांगलेला होता. त्यावरून मापं घेता येत होती. मी म्हणालो, मी येतो, लिहून देतो. सुट्टी टाकून आम्ही दोघं गेलो.

वर्कशॉपमध्ये मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली, वर धुतलेला टॉवेल अंथरून. मामाजी उभे. ते नमुना हातात घेऊन माप सांगायचे, मी लॅपटॉपवर लिहायचो. मी उभा राहिलो की तेही अवघडायचे, म्हणून मी बसूनच राहिलो. दर थोड्या वेळाने चहा. मी एखादा आकडा चुकीचा लिहिला की ते म्हणायचे, "बराबर हाय जवाईबापू, फक्त एकडाव पाहून घ्या." हे बरोबर नाही, एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. त्यांचं कोणतं 'बराबर' खरं आणि कोणतं खोटं हे ओळखायलाच माझा पहिला दिवस गेला.

एक पद्धत त्यांनी घातली होती. प्रोग्राम पाठवला की मशीनच्या पडद्यावर ओळी खालून वर सरकत येत. सगळ्या आल्या की मामाजी पडद्यावरच्या वाचून दाखवायचे आणि मी लॅपटॉपवरच्या ताडून बघायचो, कारण डिस्कचा भरवसा नव्हता. पहिले काही प्रोग्राम असे ताडून चालवले, सगळे बरोबर निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाजी मागच्या बाजूला लोखंड कापत होते. त्या दसऱ्याच्या शेठच्याच मिलच्या बुशचा प्रोग्राम होता. मी विचार केला, त्यांना हाक कशाला मारायची, आपणच चालवून तयार जॉब हातात देऊ. ते खूश होतील. मनात असंही होतं की हा बुश झाला की आपलं फिटलं.

ओळी आल्या. मी ताडल्या नाहीत. मशीनचं दार उघडंच ठेवून बटण दाबलं आणि आधीच्या जॉबची आत अडकलेली लोखंडाची साल काढायला वाकून हात घातला.

"अबे गधड्या! हात काढ!"

त्यांनी मला खांद्याला धरून मागे खेचलं आणि लाल बटणावर मूठ मारली. मी मागच्या खुर्चीवर आदळून तिच्यासकट खाली बसलो. मशीन थांबली. कापायचं टूल जॉब पकडून फिरणाऱ्या चकच्या तोंडाशी येऊन टेकलं होतं, माझा हात होता तिथेच. टूल आधी मागे घ्यायचं आणि मग आडवं न्यायचं असतं. त्यातली मागे घ्यायची ओळ डिस्कने गिळली होती.

"वाचून पाह्यलं काहून नाई? अक्कल गहान ठेवली का तुनं? एकडाव मशीन मारली माही, साऱ्या जिंदगीचं काम घालवलं, थे पुरलं नाई का तुले?"

शेजारच्या टायरच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. मी खाली बसलेला, अंगावर टॉवेल. आणि काय सांगू, मला बरं वाटलं. दसऱ्यापासून छातीवर असलेलं ओझं कोणीतरी उचललं असं वाटलं. ते खरं बोलत होते. मला तुले म्हणत होते. त्यांनी आणखी बोलावं, सगळं बोलावं, मग मी उठून त्यांचे पाय धरीन, माझ्या हातून घडलं, माझ्या मिजाशीनं घडलं असं म्हणेन, असं सगळं माझ्या मनात तयार होतं.

पण आपण काय बोललो हे त्यांना कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तेलकट हात चिंधीला पुसले, घाईघाईने, पुन्हा पुन्हा. माझ्यासमोर वाकले. त्यांच्यात जावयाच्या पाया पडतात. मला वाटलं मला उठवायला वाकताहेत, तोवर त्यांची बोटं माझ्या बुटांना लागलीही.

"चुकलो जवाईबापू. माफ करा. जीभ घसरली म्हाताऱ्याची. पोरीले सांगू नोका."

पाय मागे घ्यायला हवे होते. त्यांना खांद्याला धरून उठवायला हवं होतं. आताच मनात तयार होतं ते बोलायला हवं होतं, ते काही फार लांब नव्हतं, दोन वाक्यांचं होतं. टायरवाला दारात येऊन बघत होता. आणि माझ्या चेहऱ्यावर आपोआप तो जावयाचा चेहरा आला.

"असू द्या मामाजी," मी म्हणालो. "होतं असं."

ते दोन्ही हात जोडून उठले. टॉवेल झटकून खुर्चीवर पुन्हा अंथरला. मी बसलो. मग आम्ही तो प्रोग्राम पुन्हा पाठवला, ते पडद्यावरून वाचत गेले आणि मी हौ हौ म्हणत गेलो. बुश चांगला निघाला. बाकीचेही प्रोग्राम लिहून झाले. आता मामाजी तिथेच ठेवलेला माझा लॅपटॉप स्वतः जोडतात, वायरने रोज पाठवतात आणि रोज ताडतात. शेठ मात्र अजून गोंदियालाच जातात.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. मला माहीत होतं की तिला काही सांगितलेलं नसणार, मीही सांगणार नव्हतो. पण राजेगावच्या अलीकडे ती म्हणाली, "बाबा रडत होते आज. म्हणाले, जवाई मनाचा लय मोठा हाय. मी तोंडाला येईल ते बोललो, तरी एका शब्दानं उलटून बोलला नाही, माफ केलं."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्या वेळी मला माझी जितकी लाज वाटली तितकी त्या मेन स्विचपाशीही वाटली नव्हती, आणि तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "हौ."